‘ते धन्य’ पाठ आहे हो, पण करायचं कसं?

बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात, ५ व्या अध्यायात, ३ ते १२ मध्ये येशूनं ‘अमुक ते धन्य’ असं आठ प्रकारच्या माणसांना म्हटलंय. ही वचनं संडेस्कूलपासूनच पाठ असतात आपल्याला, पण सोमवारी मोंढ्यात गेलं की एकबी आठवत नाही. मी काय करतो ते सांगतो. आठही एकदम धरायची नाहीत, एक वचन एक आठवडा.

सुरुवात मात्र ‘आत्म्याने दीन’ पासूनच करा. आपल्या हातात काही नाही हे कबूल केल्याशिवाय पुढचं जमतच नाही, मी मधूनच सुरू करून बघितलंय. सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी एवढंच म्हणायचं, देवा, माझ्याच्यानं होणार नाही, तू चालव. बस.

‘भुकेले व तान्हेले’ आपल्याकडं समजावून सांगावं लागत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, टँकर दिसला की घागरी घेऊन पळणारी माणसं आठवा. वचनातली भूक-तहान नीतिमत्त्वाची आहे, म्हणजे देवाच्या नजरेत नीट वागण्याची. त्यासाठी आपण असं पळतो का, हे त्या आठवड्यात रोज रात्री विचारायचं. माझं उत्तर बहुतेक नाहीच यायचं.

सगळ्यात अवघड ‘सौम्य’. सौम्य म्हणजे मिळमिळीत नाही बरं का, येशूनं स्वतःला सौम्य म्हटलं अन् मंदिरातले पैसे बदलून देणाऱ्या सराफांचे चौरंगही त्यानंच पालथे केले. माझं चुलतभावाशी बांधावरून वाकडं होतं, तो दर पेरणीला थोडं आत सरकायचा अन् मी दुसऱ्या दिवशी बांध परत कोरायचो. अन् वचन काय म्हणतं, सौम्य लोक पृथ्वीचं वतन भोगतील. वतन! इथं हातभर बांधासाठी दोन वर्षं बोलणं बंद. त्या आठवड्यात मोजणीचा अर्ज भरला, पण द्यायच्या आधी त्याच्या घरी गेलो, म्हटलं दादा, मोजणीत निघंल ते मला मान्य. वहिनीनं चहा ठेवला. मोजणी अजून व्हायचीय.

‘शांती करणारे’ म्हणजे तेच, शांत बसणारे नाही, उठून जाणारे.

दयेच्या आठवड्यात एखाद्याची जुनी उधारी सोडून द्या, अन् कुणाला सांगू नका. छळाच्या वचनात मात्र जपून, ते नीतिमत्त्वाकरता छळ सोसणाऱ्यांचं आहे, हप्ता थकवल्यावर खाल्लेल्या शिव्या त्यात धरत नसतात.

आठ आठवडे झाले की लूकच्या शुभवर्तमानातला ६ वा अध्याय काढा, तिथं चार ‘धन्य’ अन् लगेच चार इशारे, पहिलाच धनवानांना. मी तो वाचला तेव्हा सोयाबीन विकल्याची पट्टी खिशात होती, पुस्तक मिटूनच ठेवलं त्या दिवशी.