बोट लागली तरी बाटली सोडायची नाही

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात एका तक्त्यातल्या सहा ओळी रिकाम्या आहेत. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं तेव्हा मी "नमुने वापरण्याजोगे राहिले नाहीत" असं गुळमुळीत उत्तर दिलं. खरं कारण असं, की समुद्राच्या पाण्याच्या त्या बाटल्यांवरची नावं मी मार्करने लिहिली होती. "परमनंट" म्हणून विकला जातो तो मार्कर. बाटल्या ओल्या, हात ओले, वरून फ्रीझरमधलं दव. तीन आठवड्यांनी पेटी उघडली तर पांढऱ्या बाटल्यांवर निळसर डाग, आणि कुठली बाटली किती खोलीवरची ते सांगायला कुणी नाही. पुन्हा जाऊन आणायचं म्हटलं तर जागा पन्नास अंश दक्षिणेला.

ध्रुवीय संशोधनात कसं यायचं, असं कुणी विचारलं की मी हल्ली इथूनच सुरुवात करते. निवड, मुलाखत हे सगळं होऊन जातं. फजिती होते ती पेन्सिलीपाशी, मार्करऐवजी जी वापरायला हवी होती.

मी कोल्हापूरला रसायनशास्त्रात एमएस्सी केलं. अंटार्क्टिका ही नौदलातल्यांनी नाहीतर भूगर्भवाल्यांनी जायची जागा, असा तेव्हा माझा समज. आदिती पंत १९८३-८४च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून तिथे जाऊन आल्या होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. पंत समुद्रशास्त्रज्ञ, जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची. कॉलेजच्या पाच वर्षांत हे नाव एकदाही कानावर पडलं नाही. गोव्यात आल्यावर कळलं, तेही कँटीनमध्ये.

गोव्यात म्हणजे वास्कोला, हेडलँड सडा नावाच्या टेकडीवर. तिथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, म्हणजे एनसीपीओआर आहे. १९९८ साली सुरू झालं, २०१८पर्यंत नाव वेगळं होतं, त्यामुळे जुनी माणसं अजून एनसीएओआर म्हणतात. अंटार्क्टिकातलं मैत्री (१९८९पासून), भारती (२०१२पासून) आणि आर्क्टिकमधलं हिमाद्री (२००८पासून) ही तिन्ही केंद्रं इथूनच चालतात. मे महिन्यात वास्कोत घामाच्या धारा लागलेल्या असताना बर्फाच्या गाभ्यांवर, म्हणजे खोलवरून काढलेल्या बर्फाच्या लांब कांड्यांवर, काम करणारी पोरं उणे वीस अंशांच्या खोलीतून जाड जाकिटं घालून बाहेर येतात. दारातच चष्म्यावर वाफ धरते आणि ती आंधळ्यासारखी भिंत चाचपत उभी राहतात. पहिल्या दिवशी मी हसले होते.

वाट सरळ आहे, फक्त लांब आहे. नेटची परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवायची, मार्गदर्शक शोधायचा, गोवा विद्यापीठात नोंदणी करायची. २०२३पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. ती दर महिन्याला वेळेवर येईल या भरवशावर घर घेऊ नका. माझे एकदा चार महिने तटले होते, तेव्हा घरमालकीणबाई समजूतदार निघाल्या म्हणून निभावलं. मोहिमेवर तुम्ही एकटे अर्ज करून जात नाही. तुमच्या मार्गदर्शकाचा किंवा संस्थेचा प्रकल्प मंजूर होतो आणि त्यातून माणसं जातात. म्हणून "मला अंटार्क्टिकाला जायचंय" यापेक्षा "मला समुद्राच्या पाण्यातल्या कार्बनवर काम करायचंय" हे वाक्य जास्त दारं उघडतं.

पुण्या-मुंबईकडच्यांना एक सांगते, गोव्याला यायलाच पाहिजे असंही नाही. नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था मैत्री आणि भारतीवर चुंबकीय वेधशाळा चालवते, आणि तिथली तरुण मंडळी वर्ष वर्ष तिकडे राहून येतात. हवामान खात्याची माणसं जातात. दक्षिण महासागराच्या, म्हणजे अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्राच्या, २०२०च्या मोहिमेचं नेतृत्व तर पुण्याच्या आयआयटीएममधल्या, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या, शास्त्रज्ञाकडे होतं. डॉक्टर, स्वयंपाकी, वाहन दुरुस्त करणारे, वीजतंत्री यांनाही केंद्रांवर कंत्राटी जागा असतात, आणि हिवाळ्यात त्यांच्यावाचून शास्त्रज्ञांचं काही चालत नाही.

जे प्रत्यक्ष खंडावर जातात त्यांची दिल्लीला एम्समध्ये तपासणी होते, मग उत्तराखंडात औलीला बर्फावर चालण्या-राहण्याचं प्रशिक्षण. दुखरी दाढ असेल तर ती आधीच काढून घ्या. मी गेले ती मोहीम जहाजाची होती, खंडाच्या अलीकडच्या पाण्यातली. तिच्याकडे नवी मुलं जरा नाक मुरडतात. बर्फावर उभं राहून तिरंग्याबरोबर फोटो नाही ना! पण पृथ्वीच्या हवेतला कार्बन आणि उष्णता गिळणारं मोठं तोंड आहे ते हेच पाणी, आणि तिथली मोजमापं फार विरळ. भारताची पहिली दक्षिण महासागर मोहीम २००४ साली 'सागर कन्या'वरून झाली. मैत्रीवर तोवर पंधरा हिवाळे होऊन गेले होते.

आम्ही मॉरिशसहून निघालो. पोर्ट लुईच्या बाजारात लिंबं आणि आलं घेताना दुकानदाराने मला "तू मराठी?" असं विचारलं. त्याचे पणजोबा कोकणातले. त्याचं मराठी आणि माझं फ्रेंच साधारण एकाच इयत्तेतलं, तरी त्याने दोन लिंबं जास्त टाकली. ती लिंबं पुढे सोन्याच्या मोलाची ठरली.

शाळेच्या भूगोलात "गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ" असं पाठ केलं होतं. ते काव्य नाही. या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीनच जवळपास नाही, त्यामुळे लाटा पृथ्वीला प्रदक्षिणा घालत येतात. चाळिशी ओलांडली त्या रात्री मला बोट लागली आणि तीन दिवस लागलेलीच राहिली. गोळी ओकारी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेतलेली गोळी समुद्रालाच मिळते. कोरडी बिस्किटं खा, पोट रिकामं ठेवू नका, केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा क्षितिज दिसेल अशा जागी बसा. आणि लाजू नका. पंचवीस वर्षं समुद्रावर काढलेला विंचवाला, म्हणजे यंत्रं समुद्रात सोडणारी चरखी चालवणारा, बादली घेऊन बसलेला मी पाहिलाय.

पण शिफ्ट चुकवायची नाही. तुम्ही नाही आलात तर तुमचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं, आणि त्यालाही बोट लागलेलीच असते.

त्या शिफ्टमध्ये काय करतो ते सांगते. एका गोल लोखंडी चौकटीला लांबट बाटल्या उभ्या बांधलेल्या असतात, मधे तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र. ही सीटीडी. विंचने ती साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली सोडतात. दोन हजार मीटर म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त नुसतं उतरणं, वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबत एकेक बाटली बंद करायची. पहाटे तीनला ती डेकवर आली की सगळे नळकांडी घेऊन तुटून पडतात, पण रांग ठरलेली असते. विरघळलेला ऑक्सिजन पहिला, कारण हवा लागली की तो बदलतो. मग कार्बन, मग पोषकद्रव्यं, क्षारता शेवटी. ऑक्सिजन माझ्याकडे होता. रबराची नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत घालायची, पाणी हळू सोडायचं, बाटली दोन-तीनदा भरून वाहू द्यायची. नळीत एकही बुडबुडा नको. मग मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण एकेक मिलिलिटर पाण्याच्या आत सोडायचं आणि तिरकं बूच लावायचं. पाण्यात तपकिरी ढग उठतो, चहात दूध फाटावं तसा. ऑक्सिजन जितका जास्त तितका ढग गडद. पाणी दोन अंशांचं, हातमोजे पातळ, कारण जाड मोज्यांत बूच धरता येत नाही. दहाव्या बाटलीपर्यंत बोटं आपली राहत नाहीत.

हे काम वास्कोत पंख्याखाली शंभर वेळा करून जा. मी वीस वेळा केलं होतं.

प्रवासात एक दक्षिण आफ्रिकेची मुलगी बरोबर होती. ती त्याआधी मॅरियन बेटावर वर्षभर राहून आलेली. खंड आणि आफ्रिका यांच्या मधल्या अशा बेटांना उपअंटार्क्टिक म्हणतात: मॅरियन, क्रोझे, केर्गुलेन. झाडं नाहीत, वारा थांबत नाही, पक्षी लाखोंनी. मॅरियनवर सीलच्या शिकाऱ्यांबरोबर उंदीर आले, उंदरांसाठी १९४०च्या दशकाअखेरीस पाच मांजरं आणली, मांजरांनी पक्षी खाल्ले. ती संपवायला १९९१ उजाडलं. आता उंदीर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंत कुरतडतात, आणि ते उंदीर कसे संपवायचे यावर मोठा प्रकल्प चालू आहे. हे ऐकल्यावर मला जैवसुरक्षेच्या तपासणीचा अर्थ लागला. निघण्याआधी प्रत्येकाच्या बुटांचे तळ, जाकिटाचं वेल्क्रो, खिशांचे कोपरे ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ केले होते. माझ्या पाठपिशवीच्या शिवणीतून चिमट्याने निघालं एक कुसळ. मागच्या दिवाळीत राजगडावर गेले होते, तिथलं. तपासणाऱ्या बाईंनी ते पांढऱ्या कागदावर ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सापच आणला होता.

म्हणून ट्रेकची पिशवी मोहिमेला नेऊ नका. सामान महिनोन्‌महिने आधी बांधावं लागतं, रसायनांची कागदपत्रं त्याहून आधी, आणि जे राहिलं ते राहिलं. माझ्या यादीत आता मऊ पेन्सिली डझनभर, पाण्यात न भिजणारा लेबलचा कागद, केबलटाय, रुंद सेलोटेप आणि दोन वह्या असतात. नाव बाटलीवर, बुचावर आणि वहीत, तिन्ही ठिकाणी. वहीचा रोज रात्री फोटो.

परत आल्यावर दीड वर्षं मी नमुने तपासत होते. प्रवास दोन महिन्यांचा. या हिशेबाबद्दल कुणी बोलत नाही.

जगभरच्या नवख्या ध्रुवीय संशोधकांची एपेक्स नावाची संघटना आहे. २००७-०८च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या धामधुमीत ती उभी राहिली. तिची ऑनलाइन व्याख्यानं ऐका, वास्कोत बसून जगातली माणसं ओळखीची होतात. स्कार ही अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती तरुण संशोधकांना दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत जायला फेलोशिप देते. पुढचं ध्रुवीय वर्ष २०३२-३३ला ठरलंय. आज एमएस्सीला असलेल्यांची पीएचडी नेमकी तेव्हा संपलेली असेल.

शास्त्रज्ञांना मेल लिहाल तेव्हा ते दहा ओळींचं ठेवा. त्यांचा एक लेख खरोखर वाचा, आणि त्यात न कळलेलं काहीतरी विचारा. हाताने काय करता येतं ते लिहा, टायट्रेशन, प्रोग्रॅमिंग, सोल्डरिंग, काहीही. "लहानपणापासून बर्फाचं आकर्षण" हे वाक्य काढा. पेंग्विन तर अजिबात नको, त्या मेलचं काय होतं ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलंय.