बरडावर सरपणाचं पीक: सुबाबूळ लावायची तर अशी

माझी रोपवाटिका पारोळ्याकडे. बरडावर जळाऊ लाकूड लावायचं म्हणून कोणी आलं की रोपं दाखवायच्या आधी मी विचारतो, "भाऊ, लाकूड घेणार कोण?" भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचं नाव लगेच निघतं. अशा केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळायची सक्ती करणारं धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलं हे खरं, पण तिथे लागतात शेतकचरा-भुसा दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, तुमची मोळी नाही. म्हणून आधी पांढरा कोळसा (भुसा-काडीकचरा दाबून केलेले जळणाचे ठोकळे) बनवणारा कारखाना, बॉयलरवाला किंवा भट्टीवाला गाठा. ट्रॅक्टरची एक खेप सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येईल एवढ्याच अंतरावरचा. त्यापुढे गेलात की लाकडाचे पैसे डिझेल खातं.

जमीन कोणती? जिथे ज्वारीसुद्धा हात राखून येते ती. केळी-कापसाची काळी जमीन याला देऊ नका. मुरमाड, चुनखडीची, उताराची चालते, कारण सुबाबूळ अल्कधर्मी जमिनीला कुरकुर करत नाही आणि मुळांवरच्या गाठींमधून नत्र स्वतःच मिळवते. पाणी साचणारा खळगा मात्र तिला मारतो. बांबू अशा बरडावर पाण्यावाचून रुसतो. करंज चिवट आहे, पण तेलबिया द्यायला वेळ घेते, ती बांधावर ठीक. आणि मोगली एरंडाचं, म्हणजे जट्रोफाचं, विचारूच नका. २००३ नंतर बायोडिझेलच्या नावाने गाजलं, बरडावर झुडूप जगलं, बिया काही पोटापुरत्या आल्या नाहीत.

आता बी. मार्च-एप्रिलमध्ये पिशव्या भरल्या की पावसाळ्यात लावायजोगं रोप होतं. सुबाबळीच्या बियांचं कवच मेणचट आणि कठीण असतं, तसंच पेरलं तर निम्मं बी पडून राहतं. पाणी उकळा, भांडं खाली उतरवा, उकळी पूर्ण बसू द्या, मग बी टाकून तीन-चार मिनिटं हलवत राहा आणि लगेच गार पाण्यात रात्रभर ठेवा. उकळत्या पाण्यात टाकलंत तर बी शिजतं. सकाळी चिमटीत धरून बघा: तयार बी फुगून मऊ, फिकट झालेलं असतं. जे खड्यासारखं कडक आणि चकचकीत राहिलं ते वेगळं काढून पुन्हा तेच करायचं. नंतर गुळाच्या पाण्यात रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू, कालवून बियांना चोळा, सावलीत सुकवा, पेरा. बरडात हे जिवाणू आधीपासून असतीलच असं नाही, म्हणून हा खर्च टाळू नये.

उताराला आडवे चर आधी काढून ठेवा. पहिल्या दोन चांगल्या पावसांनी ओल खाली उतरली की लागण करा. तीन मीटरवर ओळ आणि ओळीत मीटरभरावर रोप, म्हणजे एकरी साधारण १३५० रोपं. यापेक्षा दाट लावलं की कोळपं फिरत नाही. पहिला उन्हाळा जिवावरचा. कॅनने पाणी, बुडाशी कापसाच्या पराट्यांचं आच्छादन आणि शेळ्यांपासून राखण. यातलं काहीही सोडलंत तर मेलेल्या रोपांच्या नांग्याच भराव्या लागतील.

तोडणी तीन-चार वर्षांनी, माघ-फाल्गुनात. बुंधा वीतभर ठेवून तिरपा काप, धारदार करवतीने, साल न फाटता. फाटलेल्या सालीतून खोड सडतं, मग फुटवे येऊन काय उपयोग? पावसावर झुबका फुटला की दोन-तीन जोमदार फुटवे राखून बाकीचे काढा. ते गाई-म्हशींना चालतात, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमीच. यातलं मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य घोड्याला अजिबात सोसत नाही. सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेने घोडी आणली असेल तर हा पाला तिच्यापुढे टाकू नका, आयाळ-शेपटीचे केस गळतात. राहिलेला बारीक पाला शेतातच झडू द्या. पाल्यासकट लाकूड विकलं की जमिनीचं खत विकल्यासारखं होतं.

विक्रीत खरी मेख पाण्याची आहे. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. आपल्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन ते फुकटात पंधरा-वीस टक्क्यांवर आणतं, आणि किलोमागे उष्णता जवळपास दुप्पट होते. वजन घटलं म्हणून हळहळू नका, भाव ओलाव्यावर ठरवून घ्या. शिवाय कापूस उपटल्यावर गावोगावी पराट्यांचे ढीग असतात, तेव्हा तुमच्या लाकडाला कोण विचारतो? पत्र्याखाली रचून ठेवा आणि पावसाळ्यात, कोरडं जळण दुर्मिळ झालं की काढा.

दोन किरकोळ गोष्टी. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या, आणि तोड-वाहतुकीचं वनखात्यात आधीच विचारून ठेवा, म्हणजे नाक्यावर गाडी अडकणार नाही. नाल्याकाठी लावू नका. शेंगा वाळून बी पाण्याबरोबर खाली गेलं की शेजाऱ्याच्या बांधावर सुबाबळीचं रान माजतं, आणि ते उपटायला तो तुम्हालाच बोलावतो.