प्रोटॉन उपचारांच्या वैद्यकीय संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

प्रोटॉन उपचार म्हणजे कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा मारा. या क्षेत्रात येणारे माझ्यासारखे बहुतेक जण एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका घेऊन येतात आणि सुरुवातीला ब्रॅग शिखराच्या, म्हणजे प्रोटॉन कोणत्या खोलीवर किती ऊर्जा सोडतो हे दाखवणाऱ्या आलेखावरच भाळतात. क्ष-किरण गाठ ओलांडून पुढेही किरणांची मात्रा देत जातात. प्रोटॉन मात्र बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या अखेरीस सोडून थांबतात, त्यामुळे गाठीमागचे अवयव बऱ्याच अंशी वाचतात. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये मांडलेला हा विचार इतका पटण्याजोगा आहे, की रुग्णाला त्याचा खरोखर फायदा होतो का, हे वेगळे तपासावे लागते याचा विसर पडतो.

तो पडू नये म्हणून २०१८ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोटॉन आणि क्ष-किरण यांची तुलना करणाऱ्या दोन अमेरिकी चाचण्या शेजारी ठेवून वाचाव्यात. फुप्फुसाच्या कर्करोगात प्रोटॉनमुळे फुप्फुसदाह कमी झाल्याचे दिसले नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगात दुष्परिणामांचा एकूण भार घटला, पण आजार न बळावता गेलेला काळ दोन्ही गटांत सारखाच राहिला. म्हणजे उत्तर अवयवागणिक आणि तंत्रागणिक बदलते. माझ्या मते कुठे किती मात्रा जाईल हे दाखवणाऱ्या उपचारांच्या प्लॅनच्या रंगीत चित्रांपेक्षा या चाचण्यांतील दुष्परिणामांचे तक्ते नवशिक्याला अधिक शिकवतात.

भौतिकशास्त्र अर्थातच सुटत नाही. सीटी स्कॅनवरून प्रोटॉन किती खोल जाईल याचा अंदाज बांधताना काही टक्क्यांची अनिश्चितता उरते. त्यात श्वासाबरोबर गाठ हलते, आतड्यात वायू साचतो, रुग्णाचे वजन उतरते, आणि मग पुन्हा स्कॅन करून प्लॅन बदलावा लागतो. शिवाय प्रोटॉनचा जैविक परिणाम क्ष-किरणांच्या सरसकट १.१ पट धरला जात असला, तरी मार्गाच्या टोकाशी तो वाढतो. म्हणून मेंदूच्या खोडाजवळील गाठींत उपचारांनंतरचे एमआरआय विशेष बारकाईने पाहावे लागतात.

प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग मात्र नोंदींचा असतो. आचारसमितीची मान्यता आणि पहिल्या रुग्णाआधी सीटीआरआय या भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतील नोंदणी या गोष्टी ठरावीक क्रमाने होतात, त्यांत फारसे अडायला होत नाही. अडते ते फॉलो-अपला, म्हणजे उपचारांनंतरच्या नियमित तपासण्यांना. लहान मुलांच्या मेंदूतील गाठींवर प्रोटॉन दिले जातात ते मुख्यतः श्रवण, संप्रेरके, वाढ आणि बुद्धी यांवर पुढील कित्येक वर्षांत होणारे परिणाम टाळण्यासाठी, आणि उपचारांपूर्वीच्या चाचण्यांची नोंद नसेल तर पाच वर्षांनी केलेल्या चाचणीची तुलना कशाशी करणार? दूरच्या जिल्ह्यातील कुटुंबाला केवळ तपासणीसाठी पुन्हा प्रवास परवडत नाही (मुलाला किती ऐकू येते हे दूरध्वनीवर कळत नाही, बुद्धीची चाचणीही होत नाही), आणि जे येऊ शकत नाहीत त्यांचेच दुष्परिणाम अहवालातून गळतात.

खारघरच्या, टाटा मेमोरियल सेंटरच्या कर्करोग संशोधन संस्थेत म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळू लागल्यामुळे मराठी तरुणांना हे काम आता घराजवळ शिकता येण्याजोगे आहे. मात्र कोणत्याही केंद्रात रुजू होण्यापूर्वी गँट्रींची (रुग्णाभोवती फिरून प्रोटॉनचा झोत सोडणाऱ्या यंत्रांची) संख्या विचारण्याऐवजी फॉलो-अपच्या नोंदी कोण ठेवते, आणि रुग्णाच्या प्रवासखर्चाची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आहे का, हे विचारावे.