व्हॉल्व्ह तुटला, पण आधी सुटलं कोण?

सांगली-मिरजेत इंजिनच्या हेडचं (व्हॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागाचं) काम शिकायला येणारी पोरं, मग ती गॅरेजवरची असोत की वालचंद कॉलेजात मेकॅनिकल शिकणारी, पहिला प्रश्न कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, विचारतात. कुठला कॅम टाकला की गाडी जास्त पळेल? व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगबद्दल कुणी विचारत नाही. आपल्या भागात वेगाची हौस बरीच वर्षं आरएक्स-१०० वर भागली, आणि त्या टू-स्ट्रोकला ना कॅम ना टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधला दुवा). मिश्रण आत सोडणाऱ्या रीडच्या पात्या बदलल्या की काम झालं. फोर-स्ट्रोक रेसला न्यायची तर एवढ्यावर भागत नाही.

आधी गणित. कॅम क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे १०,००० आरपीएमला (क्रँकचे मिनिटाला फेरे) प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ५,००० वेळा, सेकंदाला साधारण ८३ वेळा उघडतो. उघडायचं काम कॅम दांडगाईनं करतो. परत कॅमच्या मागोमाग आणायचं काम एकट्या स्प्रिंगचं. हलत्या भागांचा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे १०,००० वरून ११,००० ला गेलात तर आरपीएम १० टक्के वाढतो आणि जोर २१ टक्के. स्प्रिंगला तेवढं पेललं नाही की रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा दांडा, कॅमवरून सुटतो, व्हॉल्व्ह सीटवर (हेडातल्या बसायच्या कडीवर) आपटून उसळतो. हा फ्लोट. असे थोडे दिवस गेले की कॉटर (स्प्रिंगची टोपी व्हॉल्व्हला धरून ठेवणारे तुकडे) निसटतात किंवा व्हॉल्व्हची मान तुटते आणि डोकं पिस्टनवर पडतं. हेड उघडल्यावर सगळे म्हणतात, व्हॉल्व्ह डुप्लिकेट होता. असेलही, पण माझ्या बघण्यात व्हॉल्व्ह बहुतेक वेळा नुसता मार खाणारा असतो.

स्प्रिंगच्या या कटकटीतून सुटायला डुकाटीच्या फाबिओ ताल्योनीनं १९५६ साली रेसच्या १२५ सीसी गाडीत व्हॉल्व्ह बंद करायलाही कॅमच लावला. रेनॉनं १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू वापरला. आपल्याला मात्र स्प्रिंगवरच निभवायचं आहे, तेव्हा ती मोजायला शिका.

नुसती लांबी मोजून भागत नाही. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग किती उंचीवर बसते आणि तेव्हा किती दाब देते, पूर्ण लिफ्टला (व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना) किती देते, हे प्रत्येक स्प्रिंगचं लिहून काढा. स्प्रिंग टेस्टर प्रत्येक गॅरेजात नसतो. कुपवाड एमआयडीसीत ओळख काढा, अडलंच तर कोल्हापूरकडे शिरोलीला जा. दाब कमी भरला तर खाली शिम (पातळ चकती) घालता येते, पण शिम घातली की पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकायची भीती वाढते. सगळ्या वेटोळ्यांमध्ये मिळून साधारण दीड मिलिमीटर जागा उरलीच पाहिजे. रिटेनरचा (स्प्रिंगवरच्या टोपीचा) तळ व्हॉल्व्ह सीलवर (तेल अडवणाऱ्या रबरावर) आपटत नाही ना, हेही त्याच वेळी बघा. मोठ्या लिफ्टचा कॅम टाकणारे हे हमखास विसरतात आणि मग सील फाटून गाडी निळा धूर सोडते.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मातीनं बघा. पिस्टनवर पोरांची खेळायची माती थापा, हेड आवळा, टायमिंग लावा, क्रँक हातानं दोन फेरे फिरवा, हेड काढून माती कापा आणि जाडी मोजा. इनटेकला (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) २ मिलिमीटर, एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्या) अडीच हा ढोबळ हिशेब. पिस्टन अगदी टीडीसीला (सर्वात वरच्या टोकाला) असताना दोघं सगळ्यात जवळ असतात हा गैरसमज आहे. एक्झॉस्ट टीडीसीच्या साधारण १० अंश आधी जवळ येतो, इनटेक तितकाच नंतर.

टॅपेटबद्दल गॅरेजात एक जुनी समजूत आहे: वाजला की बिघाड, गप्प झाला की बरं. रेसच्या इंजिनात मला गप्प टॅपेटचीच जास्त धास्ती वाटते. सीट झिजली किंवा व्हॉल्व्ह ताणला गेला की तो हेडात वर सरकतो, टॅपेट आणि व्हॉल्व्हमधला गॅप कमी होतो आणि आवाज जातो. पुढे तो सीटवर पूर्ण बसेनासा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडात जाते. ती वाट बंद झाली की कड जळते. म्हणून गॅप इंजिन थंड असताना फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचा आणि तारखेसकट वहीत लिहायचा. आकडा प्रत्येक वेळी कमी होत चालला असेल तर गॅप लावायची शिम बदलत बसू नका, हेड उतरवा.

आरपीएम मर्यादेत ठेवणारा रेव लिमिटर आहे म्हणून निर्धास्त राहणारे रायडर वेगळेच. लिमिटर स्पार्क किंवा पेट्रोल तोडतो. चौथ्यावरून चुकून दुसरा गिअर पडला तर मागचं चाकच इंजिनला फिरवतं, तिथं लिमिटर काय करणार? रायडरला खोदून विचारा, डेटा लॉग असेल तर सर्वात जास्त आरपीएम बघा. असं एकदा घडलं असेल तर गाडी कितीही गोड वाजत असो, मी स्प्रिंग बदलतो आणि व्हॉल्व्ह व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) फिरवून वाकलेत का बघतो. रायडर खर्चावरून कुरकुरतात, कुरकुरू द्या.

हात बसवायला भंगारातलं स्प्लेंडरचं हेड घ्या. व्हॉल्व्ह काढताना कुठले कॉटर कुठल्या व्हॉल्व्हचे, हे डबीत वेगवेगळं ठेवा. पेस्ट लावून लॅपिंग करा, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा, मात्र पुढे कधी कोटिंगचे टायटॅनियम व्हॉल्व्ह हातात आले तर त्यांना पेस्ट लावायची नाही, कोटिंग निघून जातं. लॅपिंग झालं की सगळं धुऊन पुसून जोडा, पोर्टमध्ये (हेडातल्या हवा-धुराच्या वाटेत) रॉकेल ओता आणि चहा पिऊन या. सीटच्या कडेनं ओल दिसली तर पुन्हा खोला.