दोनातेल्लोची शिल्पं बघायची कशी आणि त्याचा प्रभाव ओळखायचा कसा

रेनेसान्स शिल्प म्हटलं की सगळे थेट मायकेलअँजेलोकडे जातात, पण आधी दोनातेल्लो बघा, कारण तो समजला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडत जातं. जन्म १३८६ च्या आसपास, मृत्यू १४६६, दोन्ही फ्लॉरेन्समध्येच. तारखा पाठ करायची गरज नाही, क्रम तेवढा लक्षात ठेवा.

सुरुवात सेंट मार्कच्या पुतळ्यापासून करा (१४११-१३, फ्लॉरेन्समधल्या ऑर्सानमिकेले चर्चसाठी केलेला). चेहरा नंतर बघा, आधी पाय. शरीराचा भार कुठल्या पायावर आहे आणि कुठला पाय सैल सोडलाय ते शोधा. नाही कळलं तर सरळ उभे राहून स्वतः एका पायावर भार टाकून बघा, कंबर एका बाजूला जाते, एक खांदा खाली येतो, आता परत पुतळ्याकडे बघा, कपड्याच्या आत शरीर आहे हे एकदम जाणवतं. त्याआधीच्या गॉथिक पुतळ्यांमध्ये घड्या बहुतेक वेळा नक्षीसारख्या सुंदर वळतात, इथे त्या गुडघ्यामुळे पडतात. पायाखालची उशीसुद्धा बघा, भाराने दबलीय. काम लिनन कापडवाल्यांच्या गिल्डचं, म्हणजे व्यावसायिक संघाचं होतं, त्यामुळे कापडाकडे इतकं लक्ष दिलंय हे मला फार आवडतं.

आणखी एक, फोटो बघत असाल तर खालून काढलेला शोधा. पुतळा उंच कोनाड्यात बसणार हे धरूनच त्याने केला होता. कलाकारांची चरित्रं लिहिणारा सोळाव्या शतकातला वासारी सांगतो की गिल्डवाल्यांना तो जमिनीवर असताना आवडलाच नाही, मग दोनातेल्लोने वर बसवून १५ दिवस झाकून ठेवला, हात काहीच लावला नाही, आणि उघडल्यावर सगळे खूश. गोष्ट खरी असो नसो, बघण्याची जागा बदलली की शिल्प बदलतं हे त्यातून नीट कळतं.

आता उठावशिल्प, आणि इथे घाई अजिबात करू नका. सेंट जॉर्जच्या पुतळ्याखाली साधारण १४१७ ची एक संगमरवरी पट्टी होती, उंची जेमतेम ४० सेंटीमीटर, मूळ आता बार्जेल्लो म्युझियममध्ये आहे. घोडा, ड्रॅगन आणि राजकन्या सगळ्यांना दिसतात, तुम्ही उजवीकडच्या कमानींची इमारत बघा, तिच्या रेषा आत आत जातात. दगड किती कमी खोदलाय बघा, काही ठिकाणी तर नुसता ओरखडा वाटतो, तरी मागे झाडं, डोंगर, हवा असल्यासारखं दिसतं. या पद्धतीला स्कियाचातो म्हणतात, म्हणजे चेपलेला उठाव. प्रकाश बाजूने येत असेल तरच हे दिसतं, समोरून फ्लॅश मारलेले फोटो सरळ बाजूला ठेवा.

मग ब्राँझचा डेव्हिड, तोही बार्जेल्लोत, १४४० च्या आसपासचा मानतात. प्राचीन काळानंतर मोकळा उभा असलेला इतका मोठा नग्न ब्राँझ पुतळा हा पहिला समजला जातो. याच्याभोवती पूर्ण फेरी मारा, फोटोंवर बघताय तर निदान चार बाजू मिळवा, पाठसुद्धा तितक्याच मन लावून केलीय. भिंतीतल्या कोनाड्यातून शिल्प बाहेर आलं म्हणजे काय झालं ते इथे कळतं.

प्रभाव ओळखायचा तर जोड्या लावा. पादुआमधला दोनातेल्लोचा गात्तामेलाता (१४५३) आणि व्हेनिसमधला पुढच्या पिढीतल्या वेरोक्कियोचा कोल्लेओनी, असे सेनापतींचे दोन घोडेस्वार पुतळे शेजारी ठेवा आणि फक्त घोड्याचा उचललेला पाय बघा: दोनातेल्लोने खुराखाली गोळा ठेवलाय, वेरोक्कियोने पाय तसाच हवेत सोडलाय, एका पिढीत एवढी हिंमत आली. पादुआत दोनातेल्लो जवळजवळ दहा वर्षं होता, मांतेन्या तिथेच चित्रकला शिकत मोठा झाला, त्याच्या चित्रातली माणसं दगडातून कोरल्यासारखी का वाटतात ते मग लक्षात येतं.

आणि शेवटी मायकेलअँजेलोची 'जिन्याजवळची मॅडोना', फ्लॉरेन्समध्येच कासा बुओनारोतीत. पोरवयात केलेलं काम, १४९० च्या आसपासचं, आणि पद्धत तीच, चेपलेला उठाव. त्याला शिकवणाऱ्यांत बेर्तोल्दो होता आणि बेर्तोल्दो दोनातेल्लोचा शिष्य. सेंट जॉर्जची पट्टी डोळ्यांत ताजी असतानाच हे बघा, शक्यतो त्याच दिवशी.