राजा दीनदयाळांच्या काळचा अल्ब्युमेन प्रिंट घरी कसा काढावा

रुरकीला इंजिनिअरिंग शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात लागलेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९६मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला. त्यांचे किल्ले, महाल, राजेरजवाडे यांचे तपकिरी, किंचित चकाकणारे प्रिंट बरेचसे अल्ब्युमेन कागदावरचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यावरचे आहेत.

निगेटिव्ह प्रिंटएवढीच हवी, कारण कागद तिला भिडवून उन्हात छापतात. एन्लार्जरचा (निगेटिव्ह मोठी करून छापणाऱ्या यंत्राचा) उजेड पुरत नाही. निगेटिव्ह भरपूर कॉन्ट्रास्टची नसेल तर प्रिंट मिळमिळीत येतो.

सोळा-सतरा अंड्यांतून अर्धा लिटर पांढरे मिळते. बलकाचा थेंबही पडू देऊ नका. १५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड थोड्या पाण्यात विरघळवून घाला, २८ टक्क्यांचे ॲसेटिक ॲसिड २ मिली टाका आणि सगळ्याचा फेस होईपर्यंत घुसळा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले की खाली पातळ द्रव सुटतो. तो मलमलीतून गाळून आठवडाभर मुरू द्या.

आता खरी कसोटी. गुळगुळीत, पातळ सुती कागद समोरासमोरचे दोन कोपरे धरून ट्रेमधल्या द्रवावर सोडा. आधी मधला भाग टेकवा, मग कडा हळूहळू खाली आणा. लगेच एक कोपरा उचलून खाली बघा. बुडबुडा दिसला तर टूथपिकने फोडा, नाहीतर तिथे पांढरा ठिपका कायमचा राहतो. तीन मिनिटांनी उचलून टांगा.

वाळलेला कागद पिवळ्या दिव्यात, डिस्टिल्ड पाण्यातल्या १२ टक्के सिल्व्हर नायट्रेटवर तसाच तीन मिनिटे तरंगवा. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने द्रावण गढूळ होते. गॉगल आणि हातमोजे हवेतच: हे रसायन डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते, आणि कातडीवरचे काळे डाग कित्येक दिवस निघत नाहीत. कागद अंधारात वाळवून त्याच दिवशी वापरा; ठेवला की पिवळा पडतो.

उन्हात हवा त्यापेक्षा बराच गडद छापा, कारण फिक्सिंगमध्ये, म्हणजे उरलेली चांदी काढून प्रिंट पक्का करताना, तो फिकट होतो. सावल्यांवर तांबूस धातूची झाक आली की थांबा. धुताना आधी पाणी दुधाळ होते. ते निवळेपर्यंत पाणी बदला. मग १५ टक्के हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) दोन ट्रेमध्ये चार-चार मिनिटे. एकाच जुन्या हायपोवर भागवले तर चांदी आत राहते आणि पुढे डाग उमटतात. शेवटी अर्धा तास वाहत्या पाण्यात.

वाळताना अंड्याचा थर आकसतो आणि कागद गुंडाळतो. म्हणूनच हे जुने प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात. तुम्हीही तसेच करा.