नाव विचारण्याआधी देठ बघा: नर्सरीच्या लाइनीत नव्याने येणाऱ्यांसाठी

शोभेच्या झाडांच्या धंद्यात नवीन आलात की सुरुवातीला नावांनीच डोकं उठतं. माळी एक नाव सांगतो, गिऱ्हाईक दुसरं, आणि लँडस्केपवाल्याच्या यादीत तिसरंच असतं. मला लेबलं पाठ करण्यापेक्षा आमच्या जुन्या माळीमामांनी लावलेली देठ बघायची सवय जास्त उपयोगी पडली.

मनी प्लांट आणि बदामाच्या (हृदयाच्या) आकाराच्या पानाचा फिलोडेंड्रॉन शेजारीशेजारी ठेवून बघा. लांबून जुळे वाटतात. मनी प्लांटच्या देठाला वरच्या अंगाने पन्हळीसारखी खाच असते, पान जाडसर. नवं पान आधीच्या देठाच्या पोटातूनच उलगडत येतं. फिलोडेंड्रॉनचं नवं पान वेगळ्या पातळ आवरणातून निघतं आणि ते आवरण नंतर वाळून गळतं.

पानाच्या आकारावर मात्र जाऊ नका. कुंडीत तळहाताएवढं पान देणारा मनी प्लांट कोकणात माडावर चढला की हातभर लांबीची, फाटलेली पानं काढतो. लोक मॉन्स्टेरा समजून फोटो पाठवतात! सिंगोनियमचंही तेच, लहानपणी बाणासारखं पान, वेल जुना झाला की त्याला बोटं फुटतात.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. शास्त्रीय नावाने मनी प्लांट १८८० साली पोथॉस होता, मग सिंडॅप्सस, मग रॅफिडोफोरा, आणि १९६४ पासून एपिप्रेम्नम ऑरियम. वंश (जीनस) ठरवतात तो मुख्यतः फुलांवरून, आणि याला फुलं जवळपास येतच नाहीत, मग ठरवायचा कशावरून?

रोजची डोकेदुखी बाजारी नावांची. अरेका पाम मादागास्करचा. नावात अरेका असलं तरी तो त्या वंशातला नाही; खऱ्या अरेका वंशात आपली सुपारी येते. लकी बांबू म्हणजे ड्रासिना. मिनी मॉन्स्टेरा म्हणजे रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा. जेड मागितलंत तर कुणी जाड पानाचं क्रासुला देईल, कुणी बारीक पानाचं, लालसर खोडाचं पोर्टुलाकारिया. टेम्पो उतरवून झाल्यावर हा वाद घालण्यात मजा नाही.

म्हणून कोटेशनमध्ये बाजारी नाव, बोटॅनिकल नाव, पिशवीचा साइज आणि नव्या पानासकट देठाचा फोटो, एवढं टाकाच. चालू नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या वेबसाइटवर फुकट तपासता येतं. पण जुनं नावही सोबत लिहा. स्नेक प्लांट आता ड्रासिनात गेलाय खरा, तरी आंध्रातल्या कडियमच्या होलसेलवाल्याला ‘सॅन्सेव्हेरिया’ म्हटलं की माल पटकन कळतो.